पाण्याचा रंग मला माहीत होता

सुरुवातीलाच माफी मागतो. हे लिहिण्याचा हक्क खरं तर माझा नाही. कळा सोसल्या माझ्या ताईने, श्वासासाठी झगडली माझी भाची, आणि मी पिशवी धरून दाराबाहेर उभा होतो. मी डॉक्टर नाही, नर्सिंगचा विद्यार्थीही नाही. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे गल्लीत कुणाला अर्ज लिहायचा असला की तो माझ्याकडे येतो. अर्ज लिहिणं वेगळं आणि हे वेगळं, एवढं मला पहिल्या चार ओळींतच कळलं.

तरी लिहितो आहे ते आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या रेखाताईंमुळे. दर महिन्याला त्या विहारात गरोदर बायांची बैठक घेतात. त्या म्हणाल्या, माझं बोलणं बायांना रोजचंच वाटतं, तू लिहून दे, मी वाचून दाखवते. जाता जाता त्या म्हणाल्या, "अन् तुले लाज वाटली होती, ते बी लिहिजो. ते सोडशील तं बाकीच्याचा काई उपयोग नाई." या वाक्यामुळेच मी पंधरा दिवस टाळलं.

कार्ड

ताई पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी आली. माहेर म्हणजे मी आणि आई. वडील मी सातवीत असताना गेले. आमचं गाव देवळीपासून जवळ आहे. भाऊजींचं जाम गावच्या चौकात टायर-पंक्चरचं छोटं दुकान आहे, त्यामुळे ते रविवारी यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे.

ताई दहावीपर्यंत शिकली. पण घरात वाचायचं काही असलं की ते मी वाचायचं, असं आमच्याकडे ठरूनच गेलं आहे. दवाखान्यातून मिळालेलं माता-बालकाचं कार्ड मी एका संध्याकाळी मोठ्याने वाचून दाखवलं. लोहाच्या गोळ्या, इंजेक्शनच्या तारखा, पाय सुजणं, डोकं दुखणं. पुढे एक ओळ होती: पाणी गेलं आणि ते हिरवट किंवा पिवळट दिसलं, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

ती ओळ मी वाचली नाही. म्हणजे डोळ्यांनी वाचली, तोंडाने नाही. समोर ताई पाय पसरून शेंगदाणे खात बसली होती आणि बहिणीसमोर असलं काही उच्चारायला माझी जीभ उचलेना. मी खाकरलो आणि खालच्या ओळीवर गेलो. कुणाच्या लक्षात आलं नाही. ताई म्हणाली, "मास्तर, पाणी प्या, घसा बसला तुमचा." आम्ही हसलो आणि कार्ड पिशवीत गेलं.

बादली

दिलेली तारीख उलटून सहा दिवस झाले होते. सोयाबीन निघायचा हंगाम होता. सकाळी सव्वासहाच्या सुमारास आतल्या खोलीत आई आणि ताईचं हळू बोलणं ऐकू आलं. मी आंघोळीसाठी मागे गेलो, तर मोरीत बादली होती. तिच्यात ताईचा गाऊन आणि अंथरायची फिक्या गुलाबी रंगाची चादर भिजत घातलेली. चादरीवर मोठा डाग होता. शेवाळ्यासारखा हिरवट, कडेने पिवळा.

मी पाहत राहिलो. कार्डातली ओळ मला तेव्हाच आठवली. आठवली नाही असं लिहिता आलं असतं, पण ते खोटं होईल.

आई साबणाचा चुरा घेऊन आली आणि तिने बादली आपल्याकडे ओढली. मी विचारलं, हा रंग कशाचा? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुले काय करायचं त्याच्याशी? बायाईचं असते. जाय, तोंड धू."

मी गेलो आणि तोंड धुतलं.

मग आईने पाणी तापवलं. ताईला आंघोळ घातली, डोक्याला तेल लावलं, वेणी घातली, ठेवणीतली धुतलेली साडी नेसवली. ताई मधूनच दाराची चौकट धरून थांबायची. मी दोनदा म्हटलं, रुग्णवाहिकेला फोन करतो. आई म्हणाली, पहिलटकरणीला वेळ लागतो, असं गबाळं जायचं नाही. रेखाताई त्या दिवशी लसीकरणाला दुसऱ्या गावी गेल्या होत्या. फोन केला तेव्हा साडेसात होऊन गेले होते. सोयाबीनच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरलेला. आम्ही देवळीच्या ग्रामीण रुग्णालयात पोचलो तेव्हा पावणेनऊ वाजले होते.

लाकडी बाक

तिथल्या सिस्टर पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर ठेवलेल्या. त्यांनी ताईला टेबलावर घ्यायच्या आधी भराभर प्रश्न विचारले. कितवी खेप, कळा कधीपासून, पाणी गेलं का? आई म्हणाली, गेलं. कधी? सकाळी. रंग कसा होता?

"साफ होतं," आई म्हणाली.

मी तिच्या शेजारीच उभा होतो. हातात पिशवी, पिशवीत जुन्या सुती लुगड्याचे धुतलेले तुकडे. बाळाला पहिलं कापड नवं घालत नाहीत म्हणून आईने ते घडी करून आणले होते. सिस्टरांनी कागदावर लिहिलं. ताई आणि आई आत गेल्या. दार लागलं. मी बाहेरच्या लाकडी बाकावर बसलो.

त्या बाकावर मी पाऊण तास बसलो. हा पाऊण तास मी आयुष्यभर परत परत बसणार आहे असं मला वाटतं. मनात दोन गोष्टी चालू होत्या. एक म्हणजे, दवाखान्यातल्या लोकांना आपोआप कळेलच की. त्यांचं रोजचं काम आहे, मी कोण सांगणारा? दुसरी म्हणजे, सांगितलं तर आई खोटी पडेल, सर्वांसमोर. माझ्या आईने जन्मभर लोकांच्या शेतात निंदण केलं, पण कुणाला एका शब्दाने बोलायची जागा ठेवली नाही. तिला मी कसं खोटं पाडू?

आतून ताईचं ओरडणं वाढलं. मग ती "आई" न म्हणता "निख्या" म्हणाली. तिने मला हाक का मारली, ते तिलाही आठवत नाही. मी उठलो आणि दार वाजवलं.

सिस्टरांनी दार अर्धं उघडलं. पुरुषांना इथे यायचं नाही, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं होतं.

मी म्हणालो, "सिस्टर, पाणी साफ नव्हतं. हिरवं होतं. चादरीवर मी पाहिलं."

"किती वाजता?"

"सव्वासहाला."

त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. आत बाळाचं डोकं खाली आल्यामुळे उरलेलं पाणी अडून होतं, आणि थोडं जे येत होतं ते आई पुसून घेत होती, हे मला नंतर कळलं. दार बंद झालं. मग पावलांचा आवाज, फोनवर ओपीडीतल्या डॉक्टर मॅडमना बोलावणं, एक लोखंडी गाडी सरकवण्याचा आवाज. कुणीतरी म्हणालं, वॉर्मर लावा. कुणीतरी बाळाचे ठोके मोठ्याने सांगत होतं आणि ते आकडे उतरत होते. मॅडम धावत आल्या, माझ्या पायाला त्यांची चप्पल लागली, त्या "सॉरी" म्हणून आत गेल्या.

यानंतर वीस मिनिटांत बाळ झालं.

दाब, दोन, तीन

मला कसं कळलं बाळ झालं ते? ताई ओरडायची थांबली म्हणून. मी आवाजाची वाट पाहू लागलो. बाळ झालं की रडतं, हे तर लहान पोरालाही ठाऊक असतं. आवाज नाही. मला वाटलं दार जाड आहे. पण दार जाड नव्हतं. सिस्टरांचं बोलणं अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं.

"मुलगी आहे. पुसा. पाठ चोळा. कापड द्या दुसरं."

मग आईचा आवाज आला. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "नाळ नका तोडू. बाई, नाळ नका तोडू, जीव नाळीत राह्यते. वार पडू द्या, ते शेकू आपण."

"मावशी, हात सोडा."

"ह्या पोराच्या टायमाले असंच केलं होतं दाईनं, तवा जीव आला त्याच्यात."

"मावशी, हात सोडा. मला तिला हवा द्यायची आहे," मॅडम म्हणाल्या.

ह्या पोराच्या म्हणजे माझ्या. मला हे माहीत नव्हतं.

हात सुटला असावा, कारण लगेच मॅडमचा आवाज सुरू झाला. अगदी एकसुरी, पाढे म्हणावेत तसा. "दाब, दोन, तीन. दाब, दोन, तीन." मला अर्थ कळला नाही. नंतर समजलं की बाळाच्या तोंडा-नाकावर लहानसा मास्क धरतात, त्याला अंबू बॅग नावाचा रबरी फुगा असतो, तो दाबला की हवा आत जाते. दोन, तीन म्हणेपर्यंत ती बाहेर येते. बाळ स्वतः घेत नाही तोवर त्याचा श्वास दुसऱ्या माणसाच्या हातात असतो.

मी मोजू लागलो. साठाच्या पुढे कुठेतरी चुकलो. पुन्हा एकपासून सुरू केलं. मध्येच मॅडम थांबल्या, मला वाटलं झालं, पण त्या म्हणाल्या, "मान सरळ करा, छाती हलत नाहीये." पुन्हा दाब, दोन, तीन. "आता हलतेय." "ठोके?" "वाढताहेत." "चालू ठेवा."

बाकावर शेजारी एक म्हातारे गृहस्थ सुनेच्या बाळंतपणासाठी येऊन बसले होते. मुसलमान, गिरडकडचे. त्यांनी मला विचारलं नाही की काय झालं. त्यांनाही ऐकू येत होतंच. त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून आपल्या मांडीवर घेतली. मी ती इतकी आवळून धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

मग एक आवाज आला. त्याला रडणं म्हणता येणार नाही. दाराची बिजागरी करकरते तसा, एकदाच. मग थांबून पुन्हा. आतून आई रडू लागली आणि सिस्टर तिला म्हणाल्या, "तुम्ही नका रडू, तिला रडू द्या."

घड्याळ पाहिलं असतं तर जेमतेम चार-पाच मिनिटं झालेली दिसली असती, असं मला सांगतात.

मामा

आनंद करायला वेळ मिळाला नाही. मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या की ती श्वास घेतेय, पण फार जोराने घेतेय. पोटातच तिने शी केली होती, ती मिसळूनच पाणी हिरवं झालं. ते पाणी तिच्या छातीत गेलं असावं. वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, आत्ता. ताईला टाके घालायचे होते आणि रक्तस्राव थोडा जास्त होता, म्हणून तिला हलवता येणार नव्हतं. आई तिच्यापाशी हवी. भाऊजी जामहून निघाले होते, ते सरळ वर्ध्याला येणार होते.

"बाळाबरोबर कोण?" असं विचारल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

रुग्णवाहिकेत त्या चष्म्याच्या सिस्टरच बसल्या. बाळ आईने आणलेल्या लुगड्याच्या कापडात गुंडाळलेलं, डोक्यावर टोपी, नाकाशी प्राणवायूची नळी. त्या मला म्हणाल्या, "मामा, इकडे सरक. हिची टोपी आणि नळी, दोन्हींवर तुझी नजर पाहिजे. सरकली की सांगायचं." मला मामा म्हणणारं पहिलं माणूस म्हणजे त्या सिस्टर.

मी देवळी ते वर्धा हा रस्ता तीन वर्षं रोज बसने जातो. त्या दिवशी तो संपेना. बाळाच्या प्रत्येक श्वासाबरोबर बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जायची आणि बारीक कण्हल्यासारखा आवाज यायचा. एका ठिकाणी ट्रॅक्टर आडवा होता. चालक शिव्या देत होता. सिस्टर पुटपुटत होत्या, घे गं, घे, घे. मी टोपीकडे पाहत होतो. मला मनात एकच येत होतं. सव्वासहा ते साडेनऊ. सव्वासहा ते साडेनऊ.

वर्ध्याला बाळ आत गेलं. सिस्टर परत निघाल्या तेव्हा मी त्यांना म्हणालो, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, "हो." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पण दार वाजवलंस." एवढंच बोलून त्या गाडीत बसल्या.

बुडबुडे

भाऊजी आले तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत काळे होते. टायर खोलता खोलता उठून आले होते. नवजात कक्षाच्या दारातल्या सिस्टरने हात धुवायला लावले. टायरचा काळा रंग साबणाने जात नाही. ते तीनदा धुवून आले, तिने तीनदा परत पाठवलं. शेवटी तिनेच ब्रश दिला आणि म्हणाली, रंग राहू द्या, घाण गेली, या.

बाळाच्या नाकात दोन बारीक नळ्या बसवल्या होत्या. त्यांतून सतत हवा आत ढकलली जात होती, म्हणजे फुप्फुसं मिटून जाऊ नयेत. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं होतं आणि पाण्यात बुडबुडे येत होते. भाऊजींनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ते माझ्या कानाशी आले. "निखिल, हवा लीक होऊन राह्यली. सांग त्याईले."

मी म्हटलं, त्यांना माहीत असेल. ते म्हणाले, "माहीत अशीन तं काढत काऊन नाई? मी दिवसभर हेच पाहतो. पाण्यात बुडबुडा म्हणजे पंक्चर." आणि ते स्वतःच सिस्टरला सांगायला गेले. ती हसली नाही, हे मला फार आवडलं. तिने समजावून सांगितलं की इथे उलटं आहे. बुडबुडे येताहेत म्हणजे हवेचा दाब बरोबर आहे. थांबले तर मात्र लगेच हाक मारा.

त्यानंतर भेटीच्या वेळेत भाऊजी बाळाकडे कमी आणि बाटलीकडे जास्त बघायचे. बाहेर आले की म्हणायचे, चालू आहेत.

पहिल्या दिवशी दुपारी त्यांनी मला विचारलं की उशीर कशामुळे झाला. मी सगळं सांगितलं. कार्ड, बादली, बाक. माझी तयारी होती, त्यांनी मारलं असतं तरी मी हात वर केला नसता. ते उठून नळावर गेले आणि स्वच्छ असलेले हात पुन्हा धुवत बसले. दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. त्यांच्या आईचा फोन यायचा, आधीच पोरगी, त्यात अशी, असं काहीतरी ती म्हणायची. भाऊजी फोन कानापासून दूर धरून उभे राहायचे आणि म्हणायचे, "हो आई, जेवलो."

दुसऱ्या दिवशी ताई देवळीलाच होती. बाळाला आईचा चीक द्यायचा होता, नळीने, थेंब थेंब. दवाखान्याने निर्जंतुक केलेली बारकी डबी दिली होती. ताईने पिळून दिलेला तळाशी इवलासा पिवळा चीक. ती डबी बर्फाच्या पिशवीत ठेवून मी बसने वर्ध्याला आणली. बस भरलेली. एक बाई कोंबडीचं खुराडं घेऊन बसली होती. तिने विचारलं, एवढं काय सांभाळून नेतो? मी सांगितलं. इतक्या लोकांत, मोठ्याने, बहिणीचा चीक आहे म्हणून सांगितलं. तिने खुराडं पायाशी घेतलं आणि मला बसायला जागा दिली. दोन दिवसांपूर्वी मी हे बोलू शकलो नसतो. शरम वाटायची ती जागाच जणू बधिर झाली होती.

आईचं

तिसऱ्या दिवशी ताईला वर्ध्याला आणलं. तिला आत बाळापाशी बसू दिलं. आई आणि मी बाहेरच्या पायऱ्यांवर. इतर बाळांचे नातेवाईकही तिथेच, डबे, चादरी, सगळं घेऊन.

आईने विचारलं, "त्या कार्डात हे लिहून होतं का?"

"होतं."

"मंग तू वाचलं काऊन नाई?"

"लाज वाटली."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "वाच आता."

मी पिशवीतून कार्ड काढलं आणि ती ओळ वाचली. हळू वाचली तर ती म्हणाली, मोठ्यानं वाच. मी मोठ्याने वाचली. पलीकडच्या पायरीवर एक पोट पुढे आलेली बाई, कुणाची तरी जाऊ असावी, ती म्हणाली, "भाऊ, पुना वाचा ना एकडाव." मी पुन्हा वाचली.

मग आईने सांगितलं. ती लहान असताना तिची आई आजारी पडली. मजुरीवरून तशीच उठवून दवाखान्यात नेली होती, अंगावर चिखल. तिथल्या बाईने नाकाला पदर लावून विचारलं, कुठून येता असे. आणि दूर बसवलं. आई म्हणाली, "तवापासून म्या ठरवलं, दवाखान्यात जाईन तं धुतल्या कपड्यानं. माही लेक कोणी नाक धरून पाहावं असं मले नाई पाहिजे होतं. म्हून धुतलं. डाग दिसला मले. म्या म्हटलं, मळ हाय." थोड्या वेळाने ती म्हणाली, "अन् त्या बाईनं पुसलं तं तोंडातून साफ हेच निघालं. मी कधी घाण म्हणलीच नाई आपल्या घरच्या कशाले."

मी तिचा हात धरला. आमच्या घरात असं कुणी धरत नाही. तिने थोडा वेळ धरू दिला आणि मग म्हणाली, "सोड, लोकं पाहून राह्यले."

जे माहीत नाही

नवजात कक्षाच्या डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. एकदा त्या मोकळ्या दिसल्या तेव्हा मी वहीत लिहून नेलेले प्रश्न विचारले. त्यांनी सांगितलेलं मला समजलं तसं लिहितो. चूक असेल तर ती माझी.

पोटात असताना बाळाची फुप्फुसं पाण्याने भरलेली असतात, कारण तिथे हवा नसतेच. आईच्या रक्तातला प्राणवायू नाळेतून येतो. जन्मल्यावर पहिल्या काही श्वासांत हे पाणी बाजूला सारून हवा आत घ्यायची असते. बहुतेक बाळं हे आपण होऊन करतात. काहींना पुसून, चोळून जाग आणावी लागते. थोड्यांना मास्कने हवा द्यावी लागते, आणि ती पहिल्या मिनिटातच सुरू व्हावी लागते. उलटं धरून चापट्या मारायच्या नसतात.

मी आईच्या त्या वार शेकण्याबद्दल, म्हणजे नाळ न तोडता बाहेर पडलेल्या वारेला ऊब देण्याबद्दल, विचारलं. मला वाटलं त्या चिडतील. त्या म्हणाल्या, "शेकण्याने काही होत नाही, आणि तेवढा वेळ जातो. पण तुझ्या दाईने तुला बहुतेक खसाखसा पुसलं असेल, चोळलं असेल. तू त्याने वाचलास."

मग मी शेवटचा प्रश्न विचारला. तो वहीत नव्हता. मी सकाळीच सांगितलं असतं तर?

त्या म्हणाल्या, "साडेनऊला सांगितलंस म्हणून त्यांच्या हाताशी सगळं तयार होतं, एवढं मला कागदावरून दिसतं. सकाळी सांगितलं असतंस तर काय झालं असतं ते मला माहीत नाही. तुला बरं वाटावं म्हणून मी काहीतरी बोलणार नाही."

आणि मेंदूला हवा कमी पडली असेल का? तेही आज सांगता येत नाही, त्या म्हणाल्या. झटके आले नाहीत ही चांगली गोष्ट. पण मान, नजर, हातपाय हे चौथ्या महिन्याच्या तपासणीत कळेल. तोवर दूध, ऊब, आणि वाट पाहणं.

चार महिने

सहाव्या दिवशी बुडबुडे बंद केले. भाऊजी घाबरून उठले, मग त्यांच्या लक्षात आलं की ती आता आपली आपण श्वास घेतेय म्हणून मुद्दाम बंद केलेत. अकराव्या दिवशी आम्ही घरी आलो. घरी आल्यावर कुणी विचारलं की बाळ कसं आहे, तर आम्ही बरं आहे म्हणायचो, आणि मग तिघंही तिच्याकडे बघायचो. ती झोपेत दचकली तरी आई उठून बसायची. ताईने एकदाच मला म्हटलं, "तू मोजून राह्यला ना तिचे श्वास? मले दिसते. मी बी मोजते. आता दोघंबी बंद करू." आम्ही बंद केलं नाही.

रेखाताई येऊन वजन करून जायच्या. भाऊजी पुन्हा मला पूर्वीसारखं थट्टेने साळेबुवा म्हणू लागले होते. मी कॉलेजात जायचो, परत यायचो, आणि शेजारच्या पोरांनी इतक्या दिवसांत मान धरली, तितक्या दिवसांत कुशीवर वळली, अशा गोष्टी कान देऊन ऐकायचो. ही अजून धरत नव्हती. तिसऱ्या महिन्यातही मान डुगडुगत होती.

चौथ्या महिन्याच्या तपासणीच्या दिवशी माझी अंतर्गत परीक्षा होती. मी जाणार नाही म्हटलं. आई म्हणाली, "तू तिथं बसून काय तिची मान धरणार हायस? पेपर लिही." मोबाइल बंद करून बाकड्यांच्या रांगेपुढे ठेवायचे होते. मी काय लिहिलं मला आठवत नाही. बाहेर येऊन मोबाइल चालू केला तर भाऊजींचे तीन कॉल येऊन गेलेले. लावला तर त्यांचा फोन लागेना. मी सायकल स्टँडच्या कठड्यावर बसलो. चौथ्यांदा लावणार तेवढ्यात ताईचाच फोन आला.

ती म्हणाली, "पेपर कसा गेला?"

मी म्हणालो, "ताई, आधी सांग."

"सांगते ना, दम धर. हात धरून उठवलं तिले, तं मान मांगं पडली नाई. लाल गोंडा फिरवला, तं नजर त्याच्या मांगं मांगं. दोनी पाय सारखे झाडते म्हणे. मूठ उघडते. खुळखुळा मांगून वाजवला, तं वळून पाह्यलं तिनं, अन् मंग मॅडमचा चष्माच ओढला. आई हासून राह्यली इथं, ऐकू येते का तुले?"

मी विचारलं, मॅडम काय म्हणाल्या? शेवटी, नेमकं काय म्हणाल्या?

"म्हणे, आता नवव्या महिन्यात आणा. कागदावर लिहून देलं. थांब, वाचते." मग ताईने, आमच्या घरात पहिल्यांदाच, स्वतः वाचून दाखवलं. "श्वास ठीक. नजर ठीक. वाढ वयाप्रमाणे."